दोन श्रावणांच्या वर्षीची पाखरं

मनकर्णाबाई दुधपचारे यांना मी आठ वर्षांत सलग दहा मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आल्या की त्या उभ्याच असत. नजर पाण्यावर किंवा पाण्याच्या वरच्या आभाळात, आणि हाताला काहीतरी चाळा. बाभळीची साल सोल, पदराचं टोक पिळ, काहीच नसलं तर बोटं मोड. चौकीवर चहा दिला तर उभ्यानेच घ्यायच्या, आणि अर्धा कप झाला की पाण्याकडे पाहत पाहत कपासकट दूर निघून जायच्या. कप तासाभराने परत यायचा.

नागपूरच्या उत्तरेला, सावनेरच्या पुढे, मोटारीतून उतरून दोन कोस चाललं की बोरडोहचा तलाव लागतो. सकाळच्या धुक्यात त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, एवढा मोठा. १९७३ पासून १९८१ पर्यंत मी तिथल्या पाटबंधारे खात्याच्या चौकीत कारकून होतो. रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पातळी वाचायची आणि रजिस्टरात लिहायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा. माझ्या आधीचे बाबू गोपाळराव मोठे टापटिपीचे होते. सांडवा कधी वाहू लागला, वादळ कधी झालं, हे सगळं त्यांनी त्या रकान्यात लिहून ठेवलेलं होतं. दर ऑक्टोबरात एका तारखेपुढे दोनच शब्द असायचे: ‘पक्षी आले’. मीही ती रीत चालू ठेवली.

तलावाच्या काठाला बोरडोह नावाचंच धिवरांचं गाव होतं. मासेमारीखेरीज तिथली अकरा कुटुंबं तलावात शिंगाड्याचं पीक घेत. पाण्याचे तुकडे वाटून दिलेले होते. आषाढात वेल लावायचे, ते पाण्यावर हिरवी चटई अंथरल्यासारखे पसरत, आणि आश्विनात त्यांना शिंगाडे धरत. नेमकी त्याच वेळी उत्तरेकडून पाखरं यायची. बदकांच्या दहा जाती यायच्या, पण शिंगाड्याचा खरा वैरी एकच, चांदवा. काळाकुट्ट, कोंबडीएवढा, कपाळावर पांढरा चांद. तो एकटा कधी येत नाही. हजारांनी येतो आणि चार दिवसांत वेलाच्या पानांसकट कोवळी फळं फस्त करतो. त्यामुळे दसऱ्यापासून कार्तिकी एकादशीपर्यंत प्रत्येक कुटुंब डोंगा घेऊन दिवसभर आपल्या तुकड्यात राखण करी. डबे वाजवायचे, हाकारे घालायचे, पाखरांना बसू द्यायचं नाही.

मनकर्णाबाईंचा तुकडा सगळ्यांत वाईट जागी होता. गावापासून लांब, उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे नाला तलावाला मिळतो. तिथे दोन्ही काठ जवळ येतात, पाणी उथळ असतं, आणि उत्तरेहून आलेलं पाखरू आधी तिथेच उतरतं. हा तुकडा त्यांच्या नवऱ्याला, गिरिधरला, मिळाला होता. १९७५ च्या उन्हाळ्यात गिरिधर काविळीने गेला, तेव्हापासून त्या एकट्याच तो सांभाळत. एकुलती मुलगी प्रेमिला खापरखेड्याला दिलेली. जावई वीज केंद्रात होता, क्वार्टर होतं. मुलीने दर दिवाळीला बोलवायचं आणि बाईंनी दोन दिवसांत परतायचं.

“काहून आल्या लवकर?” मी विचारायचो.

“तिथं आभाळच दिसत नाही, बाबूजी. चिमणीचा धूर पाहू काय दिवसभर?”

पाखरं त्यांना दुरून, नुसत्या उडण्यावरून ओळखू यायची. पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक नव्हती, त्यांनी आपली पाडली होती. डोळ्यावर पांढरी रेघ असलेली लहान बदकं म्हणजे भुवईवाले. शेपटीला लांब काडी असलेले ते काडीवाले. दिवाळीनंतर येणारे मोठे राखी हंस, ज्यांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, ते पट्टेवाले. “हे साहेबाच्या हापिसातले. दिवसभर पाण्यावर बसून राहतीन, काम करणार नाही, आन सांजच्याले हरभरा खायले जातीन,” असं म्हणून त्या हसायच्या. पट्टेवाल्यांवर त्यांचा राग नव्हता. चांदव्याचं नाव मात्र त्या शिवी दिल्याशिवाय घेत नसत.

१९७७ साली दोन श्रावण आले. आमच्याकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या वर्षी सगळे सण पुढे गेले. आदल्या साली ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच झालेला दसरा या वर्षी महिन्याची वीस तारीख उलटल्यावर येणार होता. बोरडोहच्या लोकांत एक समज पक्का होता. धोंड्याच्या साली शिंगाडा बुडतो. त्याला इलाज नाही, महिनाच वांझ. मागचा धोंडा १९७४ साली आला होता, त्या वर्षीही शिंगाडा बुडाला होता, आणि गिरिधरचा कोपऱ्यातला तुकडा तर साफ गेला होता.

ते नुसतं पीक जाण्यावर थांबत नव्हतं. गावाचा एक नियम होता. कार्तिकी एकादशीला प्रत्येक कुटुंबाने आपल्या तुकड्यातल्या शिंगाड्यांनी भरलेलं एक डालं पाळीवरच्या देवीपुढे ठेवायचं. डालं भरलं नाही तर एकदा माफी. दुसऱ्यांदा भरलं नाही तर तुकडा जातो आणि दुसऱ्याला मिळतो. १९७४ साली बाकीच्यांची डाली कशीबशी भरली होती, गिरिधरचंच राहिलं, आणि त्याची माफी तेव्हाच वापरून झाली होती. या वर्षी डालं रिकामं राहिलं तर मनकर्णाबाईंचा तुकडा जाणार होता. मग खापरखेड्याचं क्वार्टर होतंच.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी मी पातळी वाचून परतलो, तर बाई चौकीच्या दारात उभ्या.

“बाबूजी, आज तारीख कोणती?”

“सत्तावीस.”

“दसऱ्याले किती दिवस?”

“पंचवीसेक दिवस आहेत.”

“मंग हे भुवईवाले काहून आले? तीन हायेत. नाल्याच्या तोंडाशी.” त्यांनी दाराची चौकट नखाने खरवडायला घेतली. “भुवईवाले आले की पंधरा दिवसांत चांदवा येते. दर साली येते. या साली पंधरा दिवसांत दसरा नाही येत.”

“मागे असं झालं होतं का?”

“थेच तं विचारून राहिली. तुमच्या वहीत पाखराईचं लिहिलं राहते म्हणते. पाहा ना.”

मी जुनी रजिस्टरं काढली. गोपाळरावांचं अक्षर सुरेख होतं. १९६५, ऑक्टोबर तेरा. १९६६, ऑक्टोबर अकरा. मी वाचत गेलो, त्या ऐकत गेल्या. साल कोणतंही असो, चांदव्यांचा मोठा थवा उतरल्याची ती तारीख नऊच्या अलीकडे नाही आणि पंधराच्या पलीकडे नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. यातली धोंड्याची सालं कोणती? माझ्याकडे जुनी पंचांगं होती. सहासष्ट, एकोणसत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर. या चारही वर्षी दसरा पाखरांच्या मागाहून, कधी पाच दिवस, कधी पंधरा दिवस उशिरा आला होता.

बाई चौकटीवरचा हात काढून सरळ उभ्या राहिल्या.

“म्हणजे पाखरं येतेत आपल्या दिवशी. आमीच उशिरा जातो.”

“तसंच दिसतं.”

“माहा मानूस मरेपर्यंत म्हणत होता, बाबूजी. धोंड्यानं खाल्लं, धोंड्यानं खाल्लं.” एवढं बोलून त्या चालू लागल्या. पाळीच्या मध्यापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा वाचा. चौऱ्याहत्तरचं.”

मी पुन्हा वाचलं.

अडचण अशी होती की दसऱ्याआधी पाण्यात जाता येत नव्हतं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत शिंगाड्यात डोंगा घालायचा नाही आणि पायही भिजवायचा नाही, असा दुसरा नियम होता. या दिवसांत वेलाला फूल असतं, डोंग्याने ते झडतं, म्हणून कोणा जुन्या माणसाने तो घालून दिला असावा. आता तो देवीचा झाला होता. दसऱ्याला देवीची पूजा करून पहिला डोंगा पाण्यात ढकलायचा मान चंपतराव मारबत्यांचा. गावच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. मनकर्णाबाई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते पाळीवर जाळं दुरुस्त करत बसले होते.

“चंपतभाऊ, पूजा दहा दिवस अलीकडं घ्या.”

“काहून वं?”

“पाखरं येऊन राहिले.”

“येऊ दे. मी काय त्यायले तार केली?”

“दसरा उशिरा हाय या साली. बाबूजीच्या वहीत लिहून हाय सारं. आपण जाईपर्यंत थे खाऊन जातेत.”

चंपतरावांनी सुई जाळ्यात खोचली आणि माझ्याकडे पाहिलं. “बाबूजी, तुमच्या वहीत पाण्याची पातळी राहते ना? का देवीची तिथीबी सरकार ठरवते आता?”

मी म्हटलं, “मी फक्त तारखा वाचून दाखवल्या.”

“वाचा, वाचा. पण आमच्या बाप-आज्यानं दसऱ्याआधी पाणी नाही शिवलं.” मग ते बाईंकडे वळले, आवाज जरा खाली आणून. “मनकर्णा, तुह्या तुकड्याची भीती मले समजते. पण धोंड्याचं साल हाय. एकटी तुह्यासाठी नियम वाकवला तं उद्या दहा जण येतीन.”

“पाय नाही टाकायचा, डोंगा नाही घालायचा. एवढंच ना?”

“एवढंच.”

“मंग ठीक हाय,” असं म्हणून त्या निघाल्या. चंपतराव त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, “ही बाई ‘ठीक हाय’ म्हणते तवा मले जास्त भेव वाटते.”

दुसऱ्याच दिवशी बाईंच्या अंगणात बाजेचा सांगाडा उभा होता, सुतळी उसवलेली. विहिरीचा दोर, जुन्या जाळ्याचा काठ, बाजेची सुतळी, सगळं एकमेकांना गाठी मारून त्यांनी लांबच लांब दोर केला. त्याला डालड्याचे रिकामे डबे, फुटकी झाकणं आणि जुन्या पातळाच्या पांढऱ्या चिंध्या बांधल्या. दोर नाल्याच्या कोपऱ्यात या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याच्या वरून ताणायचा. पलीकडचं टोक बाभळीला, अलीकडचं हातात. ओढला की सगळे डबे खडखडतील. पाय कोरडा, डोंगा काठावर.

पण दोर पलीकडे न्यायचा कसा? पाण्यातून जायची बंदी. त्या माझ्याकडे आल्या.

“बाबूजी, सरकारी डोंग्याले तं देवीचा नियम नाही ना?”

चौकीची एक नाव होती, गाळ मोजायला. ती वापरायची तर सावनेरहून लेखी परवानगी लागे. मी तसं सांगितलं. बाई मागे वळून निघाल्या. ती नाव दिली असती तर कोणाचं काहीच बिघडलं नसतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी नियमच सांगितला, चंपतरावांसारखा.

त्यांनी मग तागाच्या पोत्यांचे धागे काढून बारीक दोरी वळली. ती एका काठाला बांधून, हातातलं गुंडाळं सोडत सोडत, कोपऱ्याला वळसा घालून त्या पलीकडे निघाल्या. मी अलीकडे दोराजवळ उभा राहिलो. वाटेत नाला आडवा आला. गुडघ्याएवढं पाणी. त्या थबकल्या, मागे वळून मला ओरडून विचारलं, “नाला म्हणजे तलाव नव्हे ना?”

“रजिस्टरात वेगळा लिहितात,” मी म्हटलं.

त्या नाल्यात उतरल्या. पलीकडच्या काठावर बेशरमीची झुडपं माजली होती, दोरी त्यांत अडकून तीनदा तुटली. तीनदा त्या परत आल्या आणि पुन्हा गेल्या. शेवटी दोरी पोचली. अलीकडून मी दोरीला दोर बांधून तो सोडत राहिलो आणि पलीकडून त्या ओढत राहिल्या. ऊन उतरेपर्यंत दोर ताणून झाला. मधे तो झोळ खाऊन पाण्याच्या वीतभर वर लोंबत होता.

मग सुरू झालं वाट पाहणं. ऑक्टोबरची आठ तारीख गेली, नऊ गेली. बाई फटफटायच्या आधी दोराजवळ जायच्या आणि दिवस मावळल्यावर परतायच्या. भाकरी उभ्यानेच खायच्या. वाऱ्याने डबा वाजला तरी धावायच्या. पाणकावळ्यांची रांग दिसली की हात दोराकडे जायचा, ओळख पटली की खाली यायचा. तळ्यावर भुवईवाल्यांचे थवे वाढत होते, काडीवाले आले, फावड्यासारख्या चोचीची बदकं आली. चांदवा काही येईना.

गावाला करमणूक झाली. पाणी भरायला आलेल्या बाया हाका मारायच्या.

“काय वं मनकर्णा, पाखराईची चिठ्ठी आली काय?”

“बाजेवर निजत नाही म्हणते आता. पाखराईले बाज पाठवली काय?”

“हसा,” बाई म्हणायच्या. “डबे तुमच्याबी घरी हायेत. बांधून ठेवा.”

दहा तारीख गेली. अकरा गेली. बारा तारखेला त्या चौकीत आल्या, तेव्हा आवाज उतरलेला होता.

“बाबूजी, सरकारी लिहिण्यात चूक नाही होत?”

“गोपाळराव चूक करणारे नव्हते.”

“पाखरं तं चुकू शकतेत ना एखाद्या साली?”

त्या दारातच दोन-तीनदा पुढेमागे झाल्या आणि निघून गेल्या.

तेरा तारखेला सकाळी मी पातळी वाचायला निघालो. धुकं नुकतं वर सरकत होतं. नाल्याच्या कोपऱ्यासमोरचं पाणी रोज शिशासारखं दिसायचं, ते त्या दिवशी काळं होतं. मला वाटलं शेवाळ वाहून आलं. मग ते काळं हललं. रात्रीतून आले होते. पाण्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. हजार होते की तीन हजार, कोण मोजणार? खालून बारीक बारीक किटकिट ऐकू येत होती, जशी बाजाराची गलबल दुरून ऐकू येते. आणि कोपऱ्यातून डब्यांचा खडखडाट.

मी तिकडे गेलो. बाई दोर ओढत होत्या, सोडत होत्या, ओढत होत्या. चांदव्याला झटकन उडता येत नाही. तो आधी पाण्यावरून पाय आपटत पळतो आणि मग हवेत जातो. हजारो पायांची ती चटचट, त्यावर डबे, त्यावर बाईंच्या शिव्या. चांदवे उठायचे, अर्धी चक्कर मारून पुन्हा कोपऱ्याकडे यायचे, पुन्हा दोर वाजायचा. दुपारपर्यंत असं चाललं. त्यांच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यांनी पदर गुंडाळून दोर धरला. तिसऱ्या प्रहरी सगळा काळा जमाव एकदम दक्षिणेला वळला आणि गावाकडच्या पाण्यात, बाकीच्या दहा तुकड्यांवर उतरला.

बाईंच्या हातून दोर सुटला. हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

त्या पाळीवरून गावाकडे धावत गेल्या. “चंपतभाऊ! डोंगे काढा! तुमच्यावर आले!”

सगळं गाव पाळीवर जमलं होतं. चांदवे वेलांवर चढून बसले होते, काठापासून हाताच्या अंतरावर. लोक ढेकळं मारत होते, दगड मारत होते. पाखरं थोडी सरकायची आणि पुन्हा खायला लागायची.

“तूच ढकलले आमच्यावर,” कोणीतरी ओरडलं.

“ढकलले. माह्यावर बसले असते तं तुमी आले असते काय मदतीले?” बाईंचा श्वास वर आला होता. “अजूनबी वेळ हाय. देवीले हात जोडा आन डोंगे ढकला.”

चंपतराव पाण्याकडे पाहत होते. त्यांच्या स्वतःच्या तुकड्यावर सगळ्यांत दाट थवा होता. मग म्हणाले, “दसऱ्याले आठ दिवस हायेत. पाणी नाही शिवायचं.” आणि वळून बाईंना म्हणाले, “आन तुहा दोर पाहिला मी सकाळी दुरून. खाली येते तवा पाण्याले लागतच असन. थे पाणी शिवणंच झालं. याचा फैसला एकादशीले होईन.”

आठ दिवस बाईंनी दोर ओढला. आठ दिवस दहा कुटुंबं काठावरून आपलं पीक जाताना पाहत राहिली. दसऱ्याला पूजा झाली, डोंगे गेले, पण राखायला फार उरलं नव्हतं. त्या दिवसांत बाईंशी गावात कोणी बोललं नाही. चंपतरावांच्या म्हाताऱ्या काकू, तुळसाबाई, तेवढ्या रोज दुपारी काठाकाठाने जाऊन त्यांच्या तळहातांना तेल-हळद लावून येत.

कार्तिकी एकादशीला पाळीवर सगळे जमले. देवी म्हणजे शेंदूर लावलेला कमरेएवढा दगड. समोर एकेक डालं येत होतं. नियमाप्रमाणे अध्यक्षांनी पाहायचं, भरलं असेल तर देवीपुढे ठेवू द्यायचं. चार डाली कशीबशी भरली होती, तीही वर मोठे शिंगाडे रचून. सहा भरली नव्हती. त्या सहांत चंपतरावांचं होतं. सहाही जणांची ही पहिलीच वेळ, माफी मिळणार होती. पण चंपतरावांची नजर वर होत नव्हती.

शेवटी मनकर्णाबाई आल्या. डालं शिगोशिग. डोक्यावरून उतरवलं तेव्हा चार शिंगाडे घरंगळले, ते उचलायला कोणी वाकलं नाही.

“थांब,” चंपतराव म्हणाले. “देवीसमोर खरं सांग. दोर पाण्याले लागला होता का नाही?”

बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. नाही म्हणाल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. चंपतरावांनी दोर दुरूनच पाहिला होता, जवळून पाहणारं गावातलं जवळजवळ कोणी नव्हतं. मी असायचो, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

“लागला,” त्या म्हणाल्या. “हरेक वेळी लागला. ताणून धरायले माह्या आंगात तेवढं बळ नाही.”

“मंग हे डालं देवीले कसं चालन? दसऱ्याआधी शिवल्या पाण्याचं हाय हे. आन देवीले नाही चाललं तं तुहं डालं रिकामंच धरा लागन. दुसऱ्यांदा.”

लोकांत कुजबुज झाली. बाईंनी डाल्याच्या काठावर हात ठेवला. वाटलं, उचलून परत नेतात की काय.

तेवढ्यात तुळसाबाई काठी टेकत पुढे आल्या. “कारे चंपत, देवीले उपाशी ठेवतं काय या साली?”

“काकू, तुमी बसा. हे नियमाचं काम हाय.”

“नियमाचं काम मले सांगू नको. तुह्या बापाले मी इथं डालं ठेवताना पाहिलं. शिगोशिग राहे. तुह्या डाल्यात तं बूड दिसते, बाप्पा.” बाया हसल्या. “दहा घरचे मानसं काठावर बसून पाखराईले जेवताना पाहत राहिले. एकीनं देवीचा घास राखला. आन तू तिले विचारतं, हात ओला झाला का?” त्यांनी काठी खाली टाकली आणि डाल्याचा एक कान धरला. “धर वं मनकर्णा, दुसऱ्या बाजूनं.”

“काकू!”

“ठेवल्यावर बोल.”

दोघींनी डालं उचललं आणि देवीसमोर ठेवलं. तुळसाबाईंनी वर कुंकू वाहिलं. एकदा देवीपुढे ठेवलेलं डालं मागे घेता येत नाही, हाही त्यांचा नियमच होता, आणि तो चंपतरावांना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होता. ते डाल्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी घरंगळलेले चार शिंगाडे वेचले आणि वर ठेवले.

“झालं. तुकडा तिचा तिच्यापाशी,” ते म्हणाले. “आता आरती करा, लोकं उपाशी हायेत.”

मनकर्णाबाई आरतीला थांबल्या नाहीत. त्यांना कोपऱ्यावर जायचं होतं, पट्टेवाले यायचे दिवस होते.

पुढचा धोंडा १९८० साली आला. नियम कोणी बदलला नाही. दसऱ्याआधी पाण्यात पाय नाही, डोंगा नाही. पण त्या वर्षी ऑक्टोबर लागताच चंपतराव चौकीवर आले, बूड टेकवून बसले आणि म्हणाले, “बाबूजी, ती वही काढा बरं.” आठवड्याभरात काठावर अकरा दोर ताणले गेले, काठापासून मधल्या खुंटांपर्यंत. खुंट उन्हाळ्यातच, पाणी आटलेलं असताना, रोवून ठेवलेले होते. त्या वर्षी बोरडोहमध्ये कोणाच्या घरी बाजेला सुतळी राहिली नसावी.

बारा तारखेला सकाळी चांदवा आला. अकरा दोर एकदम वाजले. काळा थवा पाण्यावरून चटचटत उठला, गावावरून फिरला, कोपऱ्याकडे आला, तिथेही डबे. पुन्हा मधोमध गेला, पुन्हा उठला. तीन चकरा झाल्या. बसायला जागा मिळेना. लोक नाचत होते, पोट दुखेपर्यंत हसत होते. चंपतराव दोर ओढता ओढता ओरडले, “पाह्य मनकर्णा, पाह्य! एकबी नाही टेकला!”

मनकर्णाबाईंनी आपला दोर तुळसाबाईंच्या हातात दिला आणि पाळीवर चढल्या. थवा वर वर गेला, बारीक झाला आणि दक्षिणेला वळला.

“आता हे जातीन कुठी, भाऊ?”

“जातीन कुठीबी. दुनियेत पाणी काय थोडं हाय?”

बाई बघत राहिल्या. दक्षिणेला दीड कोसावर हिवऱ्याचं लहान तळं होतं. तिथेही चार-पाच घरं शिंगाडा लावत, आणि तिथेही दसऱ्याची वाट पाहत बसलेले असणार.

“बाबूजी, हिवऱ्याले कालव्याच्या रस्त्यानं लवकर पोचता येते ना?”

“येतं. पण आता कशाला? ऊन होईल.”

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पातळाचा काष्टा वर खोचून त्या पाळीवरून उतरल्या, आणि मी रजिस्टर उघडून तारीख लिहीपर्यंत कालव्याच्या वळणापलीकडे गेल्याही होत्या.